डाव्या पंख्याची गोष्ट

रविवारी चार वाजता कॅप्टन चहाला येणार असं पत्र आलं, आणि तराजूरावांच्या घरातले पडदे धुवायला निघाले. पाठोपाठ गाद्यांच्या खोळी निघाल्या, कपाटावरची धूळ निघाली. न्हाणीघराचं दार गेली सहा वर्षं एका बिजागरीवर लटकत होतं आणि तराजूरावांनी सहा वर्षं त्याला फक्त आश्वासनं दिली होती. तेही दोन दिवसांत सुतार बोलावून सरळ करण्यात आलं. तो काय आंघोळीला येतोय का, असं तराजूरावांनी विचारून पाहिलं. बायकोने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण ती कपबश्यांमधून चीर न गेलेल्या तीन निवडत होती.

तराजू हे काही त्यांचं नाव नव्हे. पंख्याच्या विमानांच्या काळात ते विमानतळावर वजनकाट्यावर कारकून होते, आणि सगळे त्यांना तराजू म्हणत. राव मागाहून वयाबरोबर चिकटला. त्या काळी नुसतं सामानच नाही, माणूससुद्धा तोलून मगच विमानात चढवत. विमान एवढंसं, एकवीस जणांचं. कोण किती जड आणि तो पुढे बसणार की मागे, यावर ते धड उडणार की शेपूट टेकून बसणार हे ठरायचं. तेव्हा शेटजी असोत की नवी नवरी, प्रत्येकाला तराजूरावांच्या काट्यावर उभं राहावंच लागे. लोक प्रवासाला लग्नाला निघाल्यासारखे नटून येत आणि काट्यावर चढताना श्वास आत ओढून घेत, जणू त्याने वजन कमी भरणार होतं. तराजूराव आकडा कधी मोठ्याने बोलत नसत. बायकांचा तर चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी ठेवत. काट्याकडे न बघता नुसत्या नजरेने ते अर्ध्या किलोपर्यंत अचूक सांगत, आणि ही विद्या जगात दुसऱ्या कुठल्याच कामाची नसते हे त्यांना निवृत्त झाल्यावर कळलं.

त्यांची बायको त्याच विमानात हवाई सुंदरी होती. दर सोमवारी तिलाही काट्यावर उभं राहावं लागे, कारण कंपनीने ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की नोकरीवर गदा. त्यामुळे तराजूरावांना तिच्याबद्दल सगळ्यात आधी काय कळलं असेल तर ते तिचं वजन. मग हळूहळू बाकीचं कळत गेलं आणि दीड वर्षाने लग्न झालं. लग्न झालेली मुलगी विमानात चालत नसे, तसा नियमच होता. तिने टोपी आणि गणवेश इस्त्री करून कंपनीला परत केला, आणि ती जमिनीवर आली ती आलीच.

तराजूराव स्वतः मात्र कधीच उडाले नाहीत. वर्षातून एकदा नोकरांना फुकट जागा मिळे. एकदा ते नवा शर्ट घालून चढलेही होते, पण ऐन वेळी वजन जास्त भरलं आणि एकाला उतरवणं भाग पडलं. पत्रक त्यांनीच भरलेलं होतं, तेव्हा कोण उतरणार हे सांगायला दुसरं कोणी लागलं नाही. पुढे त्यांनी तो नाद सोडला.

आता कॅप्टनबद्दल. कॅप्टन उंच होता, गोरागोमटा होता, आणि सकाळी सहा वाजताही त्याच्या दाढीच्या साबणाचा वास दरवळत असे. अकरा वर्षं तराजूरावांनी रोज सकाळी त्याच्या हातात वजनपत्रक दिलं. कॅप्टन विचारायचा, “ठीक?” तराजूराव म्हणायचे, “ठीक.” कॅप्टन सही करून चालू लागायचा. अकरा वर्षांत दोघांचं संभाषण एवढंच, आणि त्यातही कॅप्टनने मान वर करून पाहिल्याचं तराजूरावांच्या स्मरणात नव्हतं.

तेवढ्यावर कोणी चाळीस वर्षं जळत राहत नाही. जळायचं कारण होती ती डाव्या पंख्याची गोष्ट.

घरी कोणीही आलं, मग तो विम्याचा माणूस असो की सुनेची आई, दुसऱ्या कपाला बायको ही गोष्ट काढायचीच. डोंगरांवरून जाताना ढगात शिरल्यावर डावं इंजिन खोकायला लागलं. कॅप्टनने ते बंद केलं. खिडकीतून बघावं तर पंख्याची पाती एकदम स्पष्ट दिसतायत, स्तब्ध, आणि फिरता पंखा कधी दिसत नाही, म्हणून दिसलेला पंखा काय असतो ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळतं. कॅप्टनने तिला पुढे बोलावलं आणि म्हणाला, तुम्ही फक्त आवाज शांत ठेवा, बाकीचं मी बघतो. ती मागे आली आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा ट्रे घेऊन पुन्हा एकदा सगळ्यांपुढून फिरली. पहिल्या रांगेतल्या जाड्या व्यापाऱ्याने विचारलं, उशीर होणार का? ती म्हणाली, पाच मिनिटं. शेवटी एका गवताळ मैदानावर विमान उतरलं. मेंढ्या इकडेतिकडे पळाल्या. दुसरं विमान येईपर्यंत चार तास. उतारू झाडाखाली पांगले, आणि पंखाच्या सावलीत कॅप्टनने आपला कोट गवतावर पसरून तिला बसायला दिलं. त्याच्या खिशात एक संत्रं होतं. ते दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं.

इथे ती थांबायची. दर वेळी इथेच. कप बशीत ठेवायची, खिडकीबाहेर बघायची आणि थोड्या वेळाने म्हणायची, “काय दिवस होते.” मग चहा गार झाला का वगैरे.

तराजूरावांचा सगळा संसार त्या थांबण्याला लटकलेला होता. चार तास होते. संत्रं खायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं, बिया मोजत बसलं तर दहा. मग उरलेले तीन तास पन्नास मिनिटं काय चाललं होतं? हे त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि तीच तर भीती होती. त्याऐवजी त्यांनी ती जागा स्वतःच भरून काढली. आधी त्यांनी कॅप्टनला तिच्याजवळ जरा सरकवलं. मग काही वर्षांनी त्याने तिचा हात हातात घेतला. मग तो हात तिथेच राहिला. थोरल्या मुलाच्या जन्मापर्यंत तर हे इतकं पक्कं झालं होतं की कोर्टात शपथेवर विचारलं असतं तर तराजूरावांनी साक्ष दिली असती. हात सोडवून घ्यायची घाई तिने केली असेल असंही त्यांना वाटत नसे. जी बाई एवढ्या उंच, साबणाचा वास येणाऱ्या माणसाशेजारी बसलेली, ती आकडे लिहिणाऱ्या कारकुनाशी लग्न करते ती एक तर दयेपोटी किंवा दुसरा मिळाला नाही म्हणून, हा त्यांचा हिशेब होता. यातलं खरं कुठलं, एवढंच त्यांना मरायच्या आत कळायला हवं होतं.

आणि आता तो कॅप्टन येणार होता. वर्तमानपत्रात त्याच्या सत्काराचा फोटो आला, त्याखाली तो याच शहरात मुलीकडे राहायला आल्याचं लिहिलेलं होतं, आणि बायकोने बसल्या बैठकीला चार पानी पत्र लिहिलं. ते टाकायला तराजूरावच गेले. पेटीच्या तोंडाशी पत्र धरून ते इतका वेळ उभे राहिले की मागच्या बाईने विचारलं, तुमचं चाललंय का काही? तेव्हा त्यांनी ते सोडलं. उत्तर आलं ते दोनच ओळींचं: सगळं नीट आठवतं, भेटायला नक्की येईन. ‘सगळं’ या शब्दाने तराजूरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. आठ दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही, आणि बायकोचं मात्र आठ दिवसांत वय दहा वर्षांनी उतरलं.

कॅप्टन चाराऐवजी साडेतीनलाच आला. मुलीने दारात सोडलं आणि साडेपाचला न्यायला येते म्हणून ती गेली. बायको अजून आत आरशापुढे होती. तिने आतूनच सांगितलं, बसवा त्यांना, मी आलेच. तराजूरावांनी दार उघडलं आणि सवयीने नजर वरपासून खालपर्यंत फिरली. बासष्ट किलो. त्या काळी ब्याऐंशी होता. कोट खांद्यावरून लोंबत होता, आणि हातातली काठी त्यालाच सांभाळत होती. तराजूरावांना जरा बरं वाटलं, पण जराच, कारण साबणाचा वास तोच होता.

कॅप्टन खुर्चीत बसला, आतल्या दाराकडे बघितलं आणि पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला,

“तुमच्या मिसेसना यायला वेळ आहे ना थोडा? मग एक विचारतो, राग मानू नका. त्या दिसायच्या कशा?”

तराजूराव नुसते बघत राहिले.

“पत्राचं उत्तर मुलीने लिहिलं. तिला वाटलं, म्हातारा तेवढाच बाहेर पडेल. मला खरं म्हणाल तर काही आठवत नाही हो. वीस वर्षं उडालो. साठ-सत्तर तरी मुली आल्या आणि लग्न करून गेल्या. सगळ्यांचा मिळून एकच चेहरा आठवतो, टोपी घातलेला.”

“डावं इंजिन बंद पडलं होतं,” तराजूराव कसंबसं म्हणाले.

“माझं अकरा वेळा बंद पडलं. त्यातलं डावं सात वेळा.” कॅप्टनने कपाळ पुसलं. “तुम्ही पण होतात का तेव्हा कंपनीत?”

“वजनकाट्यावर होतो.”

“अच्छा, अच्छा,” कॅप्टन म्हणाला, आणि त्यालाही हे आठवत नव्हतं हे लहान मुलाला कळलं असतं.

तराजूरावांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. उगाच कशाला लपवायचं, फुटल्या. चाळीस वर्षं ज्याने रात्रीची झोप खाल्ली त्याच्या लेखी ती गोष्ट घडलेलीच नव्हती. आता बायको बाहेर येईल, हा माणूस तिच्याकडे अनोळखी बघेल, आणि एका मिनिटात सगळा निकाल लागेल. पुन्हा कधी दुसऱ्या कपाला डावा पंखा बंद पडणार नाही. त्यांनी पाय लांब केले आणि खुर्चीत जरा सैलावून बसले.

तेवढ्यात आतून बायकोचं गुणगुणणं ऐकू आलं. कुठलं गाणं ते कळत नव्हतं, पण ती गुणगुणत होती, आणि हे त्यांनी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. ती कुठल्या चेहऱ्याने बाहेर येणार ते त्यांना दिसलं, आणि मग तो चेहरा कसा उतरणार तेही दिसलं. तराजूराव काही फार थोर माणूस नव्हते. पण तिचा चेहरा पडावा, आणि तो या माणसासमोर पडावा, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. ते चडफडले, मनातल्या मनात कॅप्टनला दोन शिव्या हासडल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

“नीट ऐका,” ते म्हणाले. “वेळ थोडा आहे.”

पुढची दहा मिनिटं त्यांनी कॅप्टनला ती गोष्ट पढवली. ऐकून ऐकून त्यांना ती अक्षर न् अक्षर पाठ होती. एवढी तर बायकोलाही नसेल. ढग कुठून आले, व्यापारी कुठल्या रांगेत होता, ट्रेमध्ये पेपरमिंट की लिमलेट. कॅप्टन जुना वैमानिक होता. त्याने ना नुसती मान डोलावली, ना प्रश्न विचारले. प्रत्येक गोष्ट ऐकली की तो ती परत म्हणून दाखवायचा, बिनतारीवर म्हणतात तशी. डोंगर. ढग. डावा पंखा बंद. आवाज शांत ठेवा. मेंढ्या. कोट. संत्रं, अर्धं अर्धं.

“मग?” कॅप्टनने विचारलं.

इथे पत्रकात रिकामी जागा होती, आणि ती आपणच भरलेली आहे हे ते केव्हाच विसरून गेले होते.

“मग तुम्ही तिचा हात हातात घेतलात.”

“बराच वेळ?”

“बराच वेळ,” तराजूराव म्हणाले.

बायको बाहेर आली तेव्हा कॅप्टन काठी टेकत उठून उभा राहिला आणि म्हणाला, या, तुमच्याशिवाय त्या दिवशी माझं काही खरं नव्हतं. हे वाक्य त्याला कोणी पढवलं नव्हतं. ती लाजली. सत्तरीला टेकलेली बाई, दोन नातवंडांची आजी, ती मान खाली घालून लाजली, आणि तराजूरावांना आपण केलं ते काय केलं असं झालं.

चहा झाला, आणि कॅप्टनने गोष्ट सांगायला घेतली. सांगितली ती अशी की तराजूराव थक्क झाले. हा माणूस तिथे होता हे खोटं नव्हतंच. गोष्ट आठवत नसली तरी ढगात काय होतं, एका इंजिनावर विमान कसं कुशीवर वळायला बघतं, हे त्याच्या हातांना माहीत होतं. तो कप बाजूला ठेवून दोन्ही हातांनी ते सावरून दाखवत होता. पेट्रोलचा वास, पंखावर ओघळलेलं तेल, कानात कोंबलेला कापूस, सगळं खोलीत आलं. बायको मधेमधे म्हणायची, हो ना, हो ना, आणि ते व्यापारी आठवतात? कॅप्टन म्हणायचा, विसरेन कसा, पहिल्या रांगेतले. दोघं हसायची. ती हसताना त्याच्या बाहीला हात लावत होती. आणि तराजूराव बिस्किटांची बशी धरून बसले होते. ज्या आगीत चाळीस वर्षं भाजत होते तिच्यात आज त्यांनी स्वतःच्या हाताने लाकडं घातली होती, आणि आता ती अशी भडकली होती की त्यांना तिथून उठून जावंसं वाटत होतं. त्यांचेच शब्द, त्यांचीच पाठ केलेली मेंढरं, आणि श्रेय सगळं त्याला.

“आणि मग कोट पसरला, संत्रं खाल्लं,” कॅप्टन रंगात येऊन म्हणाला, “आणि मी तुमचा हात हातात घेतला. बराच वेळ.”

बायकोचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तिने कॅप्टनकडे पाहिलंच नाही. ती तराजूरावांकडे बघत होती. त्यांनी बिस्किटांच्या बशीत नजर घातली, पण ती बघतेय हे त्यांना बशीतही कळत होतं.

“हो, खरंच,” ती मग कॅप्टनला म्हणाली. “तुमच्या चांगलं लक्षात आहे. अजून थोडा चहा घेणार?”

साडेपाचला मुलगी आली. कॅप्टन निघताना तराजूरावांचा हात घट्ट दाबून गेला, आणि त्यांच्याकडे मान वर करून नीट बघितलं. बायको त्याला गाडीपर्यंत पोचवून आली, दार लावलं आणि कपबश्या गोळा करायला लागली. तराजूरावही नको इतक्या तत्परतेने मदतीला धावले.

“बसा तुम्ही,” ती म्हणाली. ते बसले.

“त्यांना मी आठवत नव्हते ना?”

तराजूरावांनी मान हलवली. हो की नाही ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“तरीच. मला वाटलंच होतं, गोळ्या लिमलेटच्या नव्हत्या हे त्यांना इतकं पक्कं कसं माहीत.” ती समोर बसली. “पण हात कधी धरला त्यांनी माझा? ते तर संत्रं खाऊन दोन मिनिटांत घोरायला लागले. चार तास घोरत होते. मेंढ्या जवळ येईनात.”

तराजूरावांना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

“मग तू तिथे का थांबतेस?” त्यांनी विचारलं. चाळीस वर्षं अडलेला प्रश्न असा विचारला गेला. “दर वेळी तिथेच थांबतेस. खिडकीबाहेर बघतेस.”

बायकोने कपबश्या बाजूला सरकवल्या.

“कारण पुढची गोष्ट मला सांगायची नसते,” ती म्हणाली. “मी त्या पंखाखाली बसून तुम्हाला काय उत्तर द्यायचं ते ठरवत होते. तुम्ही आदल्या सोमवारी लग्नाचं विचारलं होतंत. हो म्हटलं तर हे सगळं सुटणार. इतकी घाबरले होते त्या दिवशी, मरणाच्या दारातून परत आले, आणि तरीसुद्धा मला पुन्हा वर जायचं होतं. रडले मी. मग तुम्हाला हो म्हणायचं ठरवलं. त्यानंतर माझी एकच फेरी झाली.” तिने बशीतलं उरलेलं बिस्कीट उचललं आणि परत ठेवलं. “हे पाहुण्यांपुढे सांगणार होते की काय? तुम्ही शेजारी बसलेले असताना?”

तराजूरावांना कॅप्टनशी भांडता आलं असतं, निदान मनात तरी. चाळीस वर्षं ज्याचा त्यांनी दुस्वास केला तो घोरत पडला होता, आणि तिच्या त्या गप्प बसण्यात होते ते स्वतः तराजूराव. दया नव्हती, दुसरा न मिळणं नव्हतं. तिने त्यांना निवडलं होतं, सगळं एका पारड्यात समोर ठेवून, आणि त्या पारड्यात किती होतं हे वजन करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं.

“कसं असतं गं वर?” त्यांनी विचारलं.

तिने चमकून पाहिलं. हे तिला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. लोकांना पंखा बंद पडलेलाच हवा असे. मग ती सांगू लागली. काही बंद न पडलेल्या दिवसांचं. सकाळी चाकं जमिनीवरून सुटतात आणि पायांखालची थरथर एकदम थांबते त्या क्षणाचं. उतारू झोपलेले असताना मागच्या खिडकीशी एकटीने उभं राहायचं त्याचं. ढगाच्या वर आल्यावर पंख्याच्या कडेला ऊन गोल फिरत राहतं त्याचं, आणि खाली आपल्या गावचा रस्ता दोऱ्याएवढा दिसतो आणि त्यावरचं कोणीच आपल्याला ओळखत नाही त्याचं. ती खिडकीबाहेर बघत नव्हती आता. त्यांच्याकडे बघून सांगत होती आणि थांबत नव्हती.

तराजूराव ऐकत होते, आणि ती चाळीस वर्षांची जळजळ पुन्हा जागी झाली. या वेळी ती कोणाबद्दलची आहे हे त्यांना शोधावं लागलं नाही.

“मला हेवा वाटतोय,” ते म्हणाले.

“अजून? त्या घोरणाऱ्याचा?”

“नाही,” तराजूराव म्हणाले. “तुझा.”

बायकोने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि पहिल्या फेरीपासून सांगायला सुरुवात केली.